पुण्यातली ‘इन्व्हेस्टमेंट बँकिंग’ची ऑफर आणि मुंबईतलं फ्रंट ऑफिस

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे गैरसमज राहायला नको. बी.कॉम. झालंय, वय २३. सीए इंटरचा पहिला ग्रुप निघालाय, दुसरा दोनदा थोडक्यात राहिलाय. मधल्या काळात पुण्यातल्या एका इन्स्टिट्यूटमधून ‘इन्व्हेस्टमेंट बँकिंग’चा कोर्स केलात आणि त्यांच्याच प्लेसमेंटमधून खराडीतल्या एका विदेशी बँकेत ट्रेड सपोर्टची ऑफर आलीय. वडील म्हणतात सीए सोडायचं नाही. मित्र म्हणतात बँकेचं नाव मोठं आहे, एकदा आत शिरलं की दोन वर्षांत फ्रंट ऑफिसला जाता येतं. तुम्हाला पुढे आयपीओ (कंपनीची पहिली जाहीर शेअरविक्री) आणि एम अँड ए (कंपन्यांची खरेदी-विक्री, विलीनीकरण) यांचं काम करायचंय. तर ऑफर घ्यावी का?

मी सीए आहे. मुंबईत एका मध्यम आकाराच्या मर्चंट बँकेत, म्हणजे कंपन्यांची शेअरविक्री पार पाडणाऱ्या संस्थेत, काम करतो आणि नवीन मुलं-मुली घेताना मुलाखतीला बसतो. त्यामुळे पुढचं सगळं मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीतून लिहिलंय असं समजा.

ऑफर घ्यावी की नाही हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. या नोकरीतून डील टीमपर्यंत, म्हणजे आयपीओ आणि एम अँड ए करणाऱ्यांपर्यंत, वाट निघते का, हा आहे. त्याचं उत्तर : जवळजवळ नाही. मित्राचं म्हणणं ऐकायला बरं वाटतं, पण मुलाखतीला येणाऱ्यांचे सीव्ही वेगळंच सांगतात.

फ्रंट ऑफिस म्हणजे बँकेला थेट फी किंवा नफा मिळवून देणारी माणसं. त्यात डीलिंग रूम आली, म्हणजे रोखे, परकीय चलन, डेरिव्हेटिव्ह. मोठ्या फंडांना शेअर विकणारी टीम आणि तिचा रिसर्च आला. आणि तुम्हाला हवं आहे ते, म्हणजे कंपन्यांना भांडवल उभारून देणं, कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे व्यवहार जुळवणं. आपल्याकडे इश्यूचं, म्हणजे शेअरविक्रीचं, काम करायला मर्चंट बँकर म्हणून सेबीकडे नोंदणी लागते, १९९२ च्या नियमावलीखाली. बाकी दोन कामांच्या वाटा वेगळ्या आहेत, त्यांच्यात आज शिरत नाही.

तुमच्या हातात आलेलं काम सौदा झाल्यानंतरचं आहे. कन्फर्मेशन जुळवणं, सेटलमेंट (पैसे आणि शेअरची प्रत्यक्ष देवाणघेवाण), अडकलेल्या सौद्यांचा पाठपुरावा, रिकन्सिलिएशन (दोन्हीकडच्या नोंदींचा मेळ). बार्कलेज, यूबीएस, डॉइश बँक, सिटी, बीएनवाय यांच्या पाट्या पुण्यात दिसतात त्या बहुतांशी अशा कामांसाठी आणि टेक्नॉलॉजीसाठी. हे काम हलकं आहे असं कोणी म्हणत असेल तर त्याला ते माहीत नाही. २८ मे २०२४ पासून अमेरिकेने सेटलमेंट टी+१ वर, सौद्यानंतरच्या पुढच्याच कामाच्या दिवसावर, आणलं, म्हणजे सौद्यातली चूक सापडून दुरुस्त व्हायला जेमतेम एक रात्र उरली, आणि ती रात्र भारतातली टीमच जागून काढते. या कामात मुरलेली माणसं पुढे रिस्क, कंट्रोल, प्रोजेक्टमध्ये चांगल्या पदावर जातात. आयुष्यभराचं करिअर आहे ते. इन्स्टिट्यूटची जाहिरातही सरळसरळ खोटी नसते, नोकरी इन्व्हेस्टमेंट बँकेतच लागते. फक्त काम बँकरचं नसतं, आणि फी भरून घेताना हे कोणी सांगत नाही.

आतल्या आत बदली का होत नाही? पहिली गोष्ट जागेची. त्या बँकेची भारतातली डील टीम मुंबईत बसते, बहुतेक वेळा निराळ्या कंपनीच्या नावाखाली, आणि ती आकाराने अगदी लहान असते. जगभरातल्या डील लंडन, न्यूयॉर्क, हाँगकाँगहून चालतात. दुसरी गोष्ट, तिथल्या ॲनॅलिस्टच्या खुर्च्या कॅम्पसवर आधीच भरलेल्या असतात. उन्हाळ्यात इंटर्न येतो, चांगलं काम करतो, त्यालाच कायम करतात. तिसरी गोष्ट सगळ्यात जड. दोन वर्षांनी तुमच्याकडे दोन वर्षांचा अनुभव असेल, पण दुसऱ्याच कामाचा. मुलाखतीत मी कंपनीच्या किमतीबद्दल विचारणार आणि तुम्हाला येत असेल सेटलमेंट. तेव्हा तुमच्याशेजारी बसलेला फ्रेशर सीए मला स्वस्त पडतो आणि जवळचा वाटतो.

अपवाद आहेत. ऑपरेशन्समधून डील टीममध्ये आलेले लोक मला भेटलेत, पण ते बदलीने आलेले नव्हते. मधे कोणी सीए पूर्ण केलं होतं, कोणी चांगल्या ठिकाणाहून एमबीए. म्हणजे वाट त्या पदवीने काढली, बँकेच्या नावाने नाही.

इथे एक पोटभेद मात्र सांगायला हवा. पुणे, बंगळुरू, गुरुग्रामच्या काही ऑफिसांत विदेशी बँकर्ससाठी पिच बुक (क्लायंटला दाखवायचं सादरीकरण), कंपनी प्रोफाइल, कॉम्प्स (सारख्या कंपन्यांच्या भावांची तुलना), एक्सेलमधली मॉडेल बनवणाऱ्या टीम आहेत. क्रिसिल, एव्हॅल्यूसर्व्ह, अॅक्युइटी यांच्यासारख्या कंपन्याही हे काम करतात. क्लायंट दिसत नाही, पण हात त्याच कामावर बसतो, आणि तिथून मुंबईतल्या बुटीकमध्ये, म्हणजे छोट्या डील सल्लागार फर्ममध्ये, उडी मारलेली मुलं आहेत. तेव्हा एचआरला ‘फ्रंट ऑफिसला जाता येईल का’ असं विचारू नका, ते ‘इंटर्नल मोबिलिटी’चं भाषण देतील. ‘मी रोज कोणती फाइल बनवणार?’ एवढंच विचारा. उत्तरात व्हॅल्युएशन, प्रोफाइल, पिच बुक आलं तर ऑफरचा वेगळा विचार करू. ब्रेक्स (न जुळलेल्या नोंदी), क्यू (कामांची रांग), सेटलमेंट आलं तर मी म्हणतोय तेच.

मग दरवाजे कोणते? पहिला कॅम्पसचा : जुनी आयआयएम, आयएसबी, आणि मुंबईचं जमनालाल बजाज. जमनालाल बजाजचा उल्लेख मुद्दाम केला, कारण तिथे राज्याच्या सीईटीतून जाता येतं आणि फी आयआयएमच्या मानाने फारच कमी आहे. अर्थात कटऑफ ९९ पर्सेंटाइलच्याही वर असतो. आयआयएम, आयएसबीत दहावी-बारावीपासूनचे मार्क, अनुभव, सगळं मोजलं जातं. तुमचे मार्क तुम्ही लिहिले नाहीत, त्यामुळे यावर जास्त बोलत नाही.

दुसरा दरवाजा सीएचा, आणि तुम्ही त्याच्या उंबरठ्यावर उभे आहात. भारतातल्या डील टीममध्ये सीए इतके का असतात? कारण आयपीओचं अर्धं काम आकड्यांचं आणि कागदांचं आहे. रीस्टेटेड फायनान्शियल्स (इश्यूसाठी एकसारखे करून पुन्हा मांडलेले मागच्या वर्षांचे हिशेब), करांच्या जुन्या केसेस, प्रमोटरच्या, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मालकांच्या, इतर कंपन्यांशी झालेले व्यवहार. ऑडिट केलेल्या माणसाला हे वाचायला शिकवावं लागत नाही.

नव्या स्कीममध्ये इंटरचे दोन्ही ग्रुप निघाल्यावर आर्टिकलशिप, म्हणजे सीए फर्ममधली सक्तीची उमेदवारी, सुरू होते आणि ती आता दोन वर्षांची आहे. इंटरची परीक्षा २०२४ पासून वर्षातून तीनदा होते, म्हणजे एक अटेम्प्ट गेला तर पूर्वीसारखे सहा महिने जात नाहीत. दुसरा ग्रुप पुढच्या अटेम्प्टला निघाला असं धरलं, तर साधारण तीन वर्षांनी तुम्ही फायनलच्या निकालाची वाट बघत असाल. २६ हे वय आमच्याकडे जास्त नाही. आणि ज्या ग्रुपमध्ये तुम्ही अडकलाय त्यातच फायनान्शियल मॅनेजमेंटचा पेपर आहे. भांडवलाचा खर्च, कॅपिटल स्ट्रक्चर, प्रकल्पाचं मूल्यमापन. तो पेपर पासिंगपुरता करू नका. मुलाखतीतले माझे निम्मे प्रश्न तिथूनच येतात.

आर्टिकलशिपची फर्म निवडताना सगळे ‘बिग फोर’च्या, म्हणजे चार बड्या जागतिक फर्मच्या, मागे धावतात. तिथे ट्रान्झॅक्शन किंवा व्हॅल्युएशनला काम मिळालं तर उत्तमच. पण बहुतेकांच्या वाट्याला एका मोठ्या कंपनीच्या ऑडिटचा एक कोपरा येतो. मी असतो तर दुसरी एक गोष्ट पाहिली असती. आयपीओला निघालेल्या कंपनीचे आकडे तपासून देणाऱ्या ऑडिटरकडे आयसीएआयचं (सीएंच्या संस्थेचं) पीअर रिव्ह्यू सर्टिफिकेट, म्हणजे फर्मचं काम दुसऱ्या सीएंनी तपासल्याचा दाखला, असावा लागतो. पुणे, नाशिक, कोल्हापुरात अशा मध्यम फर्म आहेत ज्यांच्याकडे असं सर्टिफिकेट आहे आणि लिस्टिंगच्या तयारीत असलेले क्लायंटही आहेत. तिथे आर्टिकल म्हणून गेलात तर रीस्टेटमेंटच्या फाइलवर तुम्हीच बसाल, आणि दर दोन दिवसांनी मर्चंट बँकरच्या ऑफिसातून फोन येईल तो तुम्हीच उचलाल. त्या फोनच्या या टोकाला आमच्यासारखे लोक असतात. चांगली उत्तरं देणारा आर्टिकल आम्ही लक्षात ठेवतो. शेवटच्या वर्षात इंडस्ट्रियल ट्रेनिंगची सोय असते, तेव्हा हीच ओळख उपयोगी पडते.

तिसरा दरवाजा एसएमई, म्हणजे लहान-मध्यम कंपन्यांचे, आयपीओ करणाऱ्या छोट्या मर्चंट बँकांचा. एनएसई इमर्ज आणि बीएसई एसएमई हे दोन्ही प्लॅटफॉर्म २०१२ मध्ये सुरू झाले. इश्यूनंतर ज्यांचं भरणा झालेलं भांडवल २५ कोटींपर्यंत आहे अशा कंपन्या तिथे येतात आणि मसुदा सेबीऐवजी एक्स्चेंज तपासतं. टीम चार-पाच जणांची असते, त्यामुळे नव्या माणसाला कोणी कोपऱ्यात बसवत नाही. सगळं अंगावर येतं.

सगळं म्हणजे काय, याचा एक नमुना देतो. समजा कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतली १९९४ साली सुरू झालेली फाउंड्री आहे. डीआरएचपीमध्ये, म्हणजे आयपीओच्या माहितीपत्रकाच्या मसुद्यात, कंपनीच्या जन्मापासून आजपर्यंतच्या प्रत्येक शेअर वाटपाचा तक्ता लागतो : तारीख, किती शेअर, कोणत्या भावाने, रोखीने की दुसऱ्या कशाच्या बदल्यात, कोणाला. प्रत्येक ओळीच्या मागे कागद हवा. २०१३ च्या कंपनी कायद्यानंतरचा असेल तर पीएएस-३, त्याआधीचा असेल तर फॉर्म २, हे शेअरवाटप कळवायचे सरकारी फॉर्म. आता १९९७ च्या वाटपाचा फॉर्म २ सापडत नाही. कंपनीच्या जुन्या अकाउंटंटच्या कपाटात नाही, आरओसीच्या (कंपनी निबंधकाच्या) रेकॉर्डलाही नाही. प्रमोटर म्हणतो, ‘अहो, तेव्हा वडिलांनी काकांना दिले होते शेअर, सगळ्यांना माहितीये.’ सगळ्यांना माहीत असणं हा पुरावा होत नाही. मग प्रॅक्टिसमधल्या कंपनी सेक्रेटरीकडून सर्च रिपोर्ट घ्यायचा, सभासदांचं रजिस्टर काढायचं, त्या वर्षाचं ॲन्युअल रिटर्न आणि ताळेबंदातलं भांडवल यांचा मेळ बसतो का पाहायचा. बसला तर ठीक. नाही बसला, तर रिस्क फॅक्टरमध्ये, म्हणजे जोखमींच्या यादीत, स्वच्छ लिहायचं की हा कागद उपलब्ध नाही. काकांच्या मुलाने पुढे हक्क सांगितला तर काय, यावर वकिलाशी बोलायचं.

ड्यू डिलिजन्स म्हणतात ते हे. ज्याने अशी एक ओळ शेवटपर्यंत नेली आहे, त्याची मुलाखत माझ्यासाठी पाच मिनिटांत संपते.

या छोट्या मर्चंट बँकिंग घराण्यांत सावध राहायची गरजही तितकीच आहे. सगळीच धुतल्या तांदळासारखी नाहीत, सेबीने काहींवर आदेश काढलेत. अर्ज करण्याआधी सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत मर्चंट बँकर्सच्या यादीत नाव पाहा, मग तेच नाव आदेशांच्या विभागात शोधा. त्यानंतर त्यांनी केलेल्या एखाद्या इश्यूचा प्रॉस्पेक्टस (माहितीपत्रक) उघडा. त्यात लीड मॅनेजरने, म्हणजे इश्यू सांभाळणाऱ्या मर्चंट बँकरने, आधी केलेल्या इश्यूंचा तक्ता असतो, लिस्टिंगनंतर ३०, ९० आणि १८० दिवसांनी भाव कुठे होता ते त्यात दिसतं. ज्यांचे जवळजवळ सगळे इश्यू पहिल्या दिवशी आकाशात आणि १८० दिवसांनी पाताळात आहेत, तिथे तुम्ही काय शिकाल याचा विचार करा. सीव्हीवरचं ते नाव नंतर पुसता येत नाही.

अशा ठिकाणी अर्ज कसा करायचा? ‘फायनान्समध्ये पॅशन आहे’ छापाचे मेल आम्हाला रोज येतात आणि न उघडता जातात. त्याच मर्चंट बँकरने केलेला एक इश्यू निवडा, प्रॉस्पेक्टस पूर्ण वाचा आणि दोन पानांची टिपण लिहा : कंपनी पैसे कशातून मिळवते, नफ्यातून रोकड खरोखर येते की उधारीत अडकते, उभारलेला पैसा कुठे जाणार, शेअर बाजारात लिस्ट झालेल्या तशाच इतर कंपन्यांच्या तुलनेत भाव महाग की रास्त. सोबत तुमची एक्सेल शीट, फॉर्म्युले उघडे ठेवून. प्रॉस्पेक्टसमध्ये लीड मॅनेजरचा संपर्काचा पत्ता दिलेलाच असतो. अशी टिपण आली की मी वाचतो. चुका असल्या तरी वाचतो, कारण कोणीतरी तीनशे-चारशे पानं खरंच वाचली आहेत हे दिसतं.

मुलाखतीत काय विचारतात, हेही तुम्ही विचारलंय. एक प्रश्न मी बहुतेकांना घालतो. घसारा १० कोटींनी वाढला, कराचा दर २५ टक्के, तिन्ही पत्रकांत (नफा-तोटा, रोकड प्रवाह, ताळेबंद) काय होईल? कोर्समध्ये पाठ करून घेतलेलं उत्तर असं : नफा ७.५ कोटींनी घटतो, घसारा परत मिळवला की रोकड २.५ कोटींनी वाढते, स्थिर मालमत्ता १० कोटींनी कमी. ताळेबंद जुळतो. उत्तर चूक नाही. पण मग मी विचारतो, हा घसारा कंपनी कायद्याचा की आयकराचा? इथे पाठांतरवाले थांबतात. फक्त हिशेबाच्या वह्यांतला घसारा वाढला असेल तर आयकर तेवढाच भरावा लागणार. रोकड एका रुपयानेही हलणार नाही. मालमत्ता १० ने घटेल, डिफर्ड टॅक्सची (पुढे भरायच्या कराची) देणी २.५ ने, आणि नेटवर्थ ७.५ ने. ज्याने ऑडिटमध्ये डिफर्ड टॅक्सची शीट एकदा हाताने केलीय, तो हे गप्पा मारल्यासारखं सांगतो. सीएला मी झुकतं माप देतो त्याचं कारण हे आहे, नावापुढची अक्षरं नव्हेत.

सर्टिफिकेटांबद्दल थोडक्यात. सेबीच्या एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेची मर्चंट बँकिंगची सीरीज ९ ची परीक्षा देऊन टाका, अभ्यासक्रमामुळे नियमांची ओळख होते. सीएफए या गुंतवणूक विश्लेषणाच्या परीक्षेची पहिली लेव्हल रिसर्चकडे किंवा फंडाकडे जायचं असेल तर जास्त कामाची. सध्या तुमच्या ताटात दुसरा ग्रुप आहे, त्यात ती वाढून घेऊ नका. आणि मुलाखतीत एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स-ऑप्शन्सच्या ट्रेडिंगमध्ये) किती कमावले हे सांगू नका. हे सांगणारा उमेदवार आठवड्याला एक तरी येतो. आमच्याकडे कंपन्यांची अप्रकाशित माहिती असते, स्वतःच्या आणि घरच्यांच्या शेअर व्यवहारांवर बंधनं असतात. ज्याला रोज ट्रेड केल्याशिवाय राहवत नाही तो माणूस आम्हाला धोका वाटतो.

तुम्ही मराठी माध्यमाचा उल्लेख जरा ओशाळून केलाय. डीआरएचपी इंग्रजीत लिहिला जातो, त्यामुळे लिहिण्याची सवय करावीच लागेल, आणि ती प्रॉस्पेक्टस वाचून, त्यातला परिच्छेद स्वतः पुन्हा लिहून होते. उच्चारांची चिंता सोडा. उलट इचलकरंजी, चाकण, वाळूज, अंबड इथल्या प्रमोटरच्या कुटुंबाशी बसून त्यांच्या भाषेत ‘ही उधारी अडकलीय ती नेमकी कोणाकडे?’ असं विचारू शकणारा माणूस छोट्या मर्चंट बँकेला हवाच असतो. इंग्रजीत विचारलं की गुळगुळीत उत्तर येतं. मराठीत विचारलं की मुनीमजी फाइल काढून आणतात.

आता तुमच्या परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. कोर्ससाठी कर्ज काढलंय का, घरी तुमच्या पगाराची गरज आहे का, हे मला माहीत नाही. आर्टिकलशिपचा स्टायपेंड पुण्यात राहायलाही पुरत नाही, हे खरं आहे. घर चालायला पगार लागणारच असेल तर ऑफर घ्या, त्यात कमीपणा काही नाही. मात्र दुसऱ्या ग्रुपसाठी घ्या, फ्रंट ऑफिससाठी नको. नोकरीमुळे एक-दोन अटेम्प्टचा खर्च निघेल आणि ग्रुप निघाला की नोकरी सोडून आर्टिकलशिपला जायचं, हे आजच घरात बोलून ठेवा. कारण वर्षभराने पगार वाढलेला असतो, ऑफिसातल्या मित्रांचा गोतावळा बनलेला असतो आणि स्टायपेंडवर परत जाणं फार कठीण वाटतं. पैशाची तशी गरज नसेल तर माझं मत वडिलांच्या बाजूने आहे. दोनदा थोडक्यात राहिलेला ग्रुप म्हणजे बहुतेक वेळा एका पेपरचा घोळ असतो. मार्कशीट काढा, कोणत्या पेपरने एकूण ५० टक्क्यांची सरासरी खाली ओढली ते पाहा, आणि कुठल्या पेपरला ६० मिळून सूट लागलीय का तेही.

ऑफर घेणारच असाल तर सही करण्याआधी पत्र नीट वाचा. बाँड आहे का, नोटीस पिरियड ६० दिवसांचा की ९०, शिफ्ट कोणती. नोटीस ९० दिवसांची असेल तर निकाल लागल्यावर फर्म तुमची तीन महिने वाट बघेल का, हे आधी विचारून ठेवा. शिफ्ट अमेरिकेची असेल तर अभ्यासाला उरते फक्त दुपार, तीही अर्धी झोपेत. परीक्षेची रजा लेखी मागा, तोंडी ‘बघू’वर जाऊ नका. आणि जॉइनिंगची तारीख परीक्षेनंतरची मागून बघा. फ्रेशर्सच्या बॅच ठराविक अंतराने भरतात, नम्रपणे विचारलं तर एचआर बऱ्याचदा पुढच्या बॅचमध्ये टाकून देतं.